पुन्हा पुन्हा वाचली जाणारी पुस्तकं: कुणाला द्यावीत आणि कुणाला अजिबात देऊ नयेत

सावळी_शाई

मला वाचायला वेळच मिळत नाही असं मी सगळ्यांना सांगत फिरते आणि रात्री अकरा वाजता 'स्मृतिचित्रे' आठव्यांदा उघडून बसते. उशाशी न वाचलेल्या नव्या पुस्तकांचा ढीग आहे, तो माझ्याकडे बघत असतो, मी त्याच्याकडे बघत नाही. घरच्यांनी तर आता विचारणंच सोडलंय.

म्हणून हा धागा. पण अटी आहेत हां. पुस्तक किमान दोनदा पूर्ण वाचलेलं हवं. 'अप्रतिम', 'मस्ट रीड', 'निःशब्द' एवढंच लिहून पळून जायचं नाही. तुम्ही नेमके कुठल्या पानांकडे परत जाता ते सांगा, आणि पुस्तक कुणाच्या हातात द्यावं, कुणाच्या देऊ नये तेही सांगा. हे शेवटचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण चांगली पुस्तकं चुकीच्या माणसाला देऊन मी बरीच वाया घालवली आहेत.

सुरुवात मीच करते. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून भागाभागाने आलं, १९३६ मध्ये त्या गेल्या, शेवटचा भाग मुलाने, देवदत्तांनी पुरा केला. कॉलेजात असताना मी ते दात-ओठ खात वाचलं होतं, कारण त्यांच्या नवऱ्याचा, कवी नारायण वामन टिळकांचा राग येत होता, हा माणूस न सांगता घरातून निघून जातो, पैसे वाटून टाकतो, संसाराकडे लक्ष नाही आणि वर कवी! पुढच्या खेपेला हसून पोट दुखलं, मग वाटलं अरे हे एवढं विनोदी होतं तर मागच्या वेळी मी काय वाचत होते. हल्ली मी फक्त त्यांचं सांगणं ऐकते. धड शाळा न पाहिलेली बाई, पण वाक्याला वाक्य असं लावते की मध्ये एक विशेषण सापडत नाही. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले ती बातमी घरी येते, त्यानंतरची वेगळं राहण्याची वर्षं, आणि मग एवढ्या सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बाईचं ते सोवळं हळूहळू गळून पडतं, या सगळ्या भागाकडे मी परत परत जाते. कुठेही 'आणि मग माझे डोळे उघडले' छापाचं भाषण नाही. एका पानावर अमुक चालत नसतं, चारपाच पानांनी चालायला लागलेलं असतं, मधे काय झालं ते तुम्ही शोधा.

कुणाला द्यावं: ज्याला आत्मचरित्र म्हटलं की जांभई येते त्याला. नवराबायकोने एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवायला तर फारच छान, भांडणं होतील पण चांगली होतील. कुणाला देऊ नये: ज्याला प्रत्येक गोष्टीत खलनायक लागतो त्याला. त्याला टिळकच सापडतील आणि तो तिथेच थांबेल. संक्षिप्त आवृत्ती पण आहे, पण मी म्हणेन पूर्णच घ्या, यातली मजा सगळी फाटे फोडण्यात आहे.

खडूमास्तर

झकास धागा. वाचनखूण साठवली.

माझं 'बनगरवाडी', व्यंकटेश माडगूळकर, १९५५. किती वेळा वाचलं ते मोजलं नाही कारण ते एका बसणीत संपतं, संपलं की वाटतं अजून थोडं असायला हवं होतं म्हणून परत पहिलं पान. एक कोवळा मास्तर पहाटे चालत धनगरांच्या वाडीकडे निघालाय, शाळेत पोरं नाहीत, गावाला त्याची गरज आहे असं कुणालाच वाटत नाही. आपल्याला वाटतं आता मास्तर गाव सुधारणार. तसं काही होत नाही, म्हणजे थोडंफार होतं, तालीम वगैरे उभी राहते, पण शेवटी दुष्काळ येतो आणि त्या तालमीचं काय नि शाळेचं काय.

मी परत जातो तो शेकूचा भाग. बैल गेलाय आणि दुसऱ्या बैलाच्या जोडीला त्याची बायको स्वतः जुवाला खांदा लावते. दुसरा कुणी असता तर इथे चार पानं रडला असता. माडगूळकर जे दिसलं ते सांगतात आणि पुढे जातात, म्हणून ते वाचणाऱ्याच्या खांद्यावर येऊन बसतं.

पहिली नोकरी लागून अनोळखी ठिकाणी निघालेल्या कुणालाही हे द्या. मला एका ज्येष्ठ सहकाऱ्याने दिलं होतं, काही न बोलता. पहिल्या महिन्यात मी पण असाच ओसाड वर्गात बसून होतो.

ज्यांना गोष्टीत 'पुढे काय झालं' एवढंच हवं असतं त्यांना नको. पुढे काही फारसं होत नाही.

उदाहरणार्थ_मी

आयडीवरून कळलंच असेल. 'कोसला'. भालचंद्र नेमाडे, १९६३.

माझ्याकडची प्रत अठराव्या वर्षापासूनची आहे आणि त्यात तेव्हाच्या माझ्या पेन्सिलच्या खुणा आहेत. हे फार लाजिरवाणं प्रकरण आहे. जिथे जिथे नायक पांडुरंग सांगवीकर जगाला तुच्छ लेखतो तिथे तिथे मी डबल रेघ मारून 'वा!' लिहिलंय, एके ठिकाणी तर 'अगदी मी!!' असं दोन उद्गारचिन्हांसकट, आणि त्याच्या बहिणीच्या, मनीच्या आजारपणाची, तिच्या जाण्याची जी पानं आहेत, जी आता मला त्या पुस्तकाचं काळीज वाटतात, ती कोरी. एक ठिपका नाही. म्हणजे अठराव्या वर्षी मी ती पानं सरळ उलटून पुढे गेलो असणार, मेसमध्ये काय झालं ते वाचायला. आता बरोबर उलटं होतं, हॉस्टेलचे सगळे उद्योग चाळतो आणि देवीच्या साथीपाशी येऊन हळू होतो. बहीण गेली हे तो सरळ सांगतच नाही, इकडचं तिकडचं बोलत राहतो, वैतागतो, आणि मग अजिंठ्याला जातो. तो अजिंठ्याचा भाग मला तेव्हा भरताड वाटला होता! मी खोडरबर घेऊन खुणा पुसायला बसलो होतो, पण नाही पुसल्या. राहू देत.

कुणाला: एकदा वाचून 'आवडलं नाही' म्हणणाऱ्याला, पण तिशीनंतर. आणि अठरा वर्षांच्या मुलाला, तो चुकीच्या कारणांसाठी प्रेमात पडेल पण पडू दे.

तिरकस

मी कोसला दोनदा वाचायला घेतली. दोन्ही वेळा पांडुरंगाचं हॉस्टेल संपायच्या आत मी संपलो.

उदाहरणार्थ_मी

@तिरकस, म्हणजे त्यातली पांडुरंगाची रोजनिशी सुद्धा राहिली का वाचायची? अहो ती तरी वाचा. मधूनच उघडा हवं तर. हे पुस्तक मधून उघडलेलं चालतं.

तिरकस

बघतो. आश्वासन देत नाही.

पायरीवरची

थोडी मदत हवी आहे, धाग्याच्या विषयाला धरूनच आहे. माझे वडील निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आयुष्यभर जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्या, 'स्वामी' तर त्यांना पाठच आहे जवळपास. मध्ये आजारी होते, तेव्हापासून सलग वाचता येत नाही, दहा-पंधरा मिनिटांत लक्ष उडतं, मागचं आठवत नाही मग चिडतात आणि पुस्तक मिटतात. नवीन काही दिलं की 'नको' म्हणतात. मला वाटतं पूर्वी वाचलेलंच परत द्यावं, म्हणजे आठवायचं ओझं नको. पण पाचशे पानांची कादंबरी बघूनच दमतात ते. काय द्यावं?

चैत्रपालवी२

@पायरीवरची, दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' बघा. १९५६ चं आहे. एकेका महिन्यावर एकेक लेख, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत. मागचं काही लक्षात ठेवावं लागत नाही. मी दर महिन्याला त्या त्या महिन्याचा लेख वाचते, बरीच वर्षं झाली आता, त्यामुळे पुस्तक कधी संपतच नाही. (अधिक महिना आला की माझी पंचाईत होते, तेव्हा मागचाच परत.) यात गोष्ट म्हणून काहीही घडत नाही, पानं गळतात, फुलं येतात, ढगांचे रंग बदलतात. पण वाचून झाल्यावर बाहेर बघितलं की रोजच्याच झाडावर तोच बदल दिसायला लागतो, आपण इतके दिवस बघतच नव्हतो हे कळतं.

मात्र वडिलांना लढाया आणि दरबार लागत असतील तर हे कितपत रुचेल शंका आहे. घाईतल्या माणसाला तर देऊच नका, एका लेखात सोडून देईल.

गप्पूशेठ

त्यात काय एवढं, 'व्यक्ती आणि वल्ली' द्या! पुलं! दहा मिनिटांत एक वल्ली संपते. नारायण, हरितात्या, चितळे मास्तर, रावसाहेब, कुठलंही पान काढा. शिवाय तुमच्या वडिलांनी वाचलेलं असणारच, अर्धी वाक्यं तेच पुरी करतील.

माझं स्वतःचं म्हणाल तर लहानपणी नाथा कामतवर लोळायचो, आता अंतू बर्व्याशी जाऊन बसतो. काय तिरकस बोलतो तो माणूस, आणि खाली केवढा एकटेपणा आहे. आणि नंदा प्रधान! त्यात हसण्यासारखं काय आहे सांगा. लोक पुलंना विनोदी म्हणून मोकळे होतात. या पुस्तकाला साहित्य अकादमी मिळालं ते काय नुसतं हसवलं म्हणून?

बाकी या धाग्यावरचे आपण सगळे सखाराम गटणे आहोत हे नम्रपणे नमूद करतो.

सावळी_शाई

गटणे हाहाहा. मान्य.

काठावरचा

धाग्याचा प्रवाह जरा बिघडवतो. पुन्हा वाचून पडलेली पुस्तकं पण सांगा ना. मी सांगतो, 'मृत्युंजय'. शाळेत असताना रात्रभर जागून वाचलं होतं, कर्णासाठी ढसाढसा रडलो होतो. पंधरा वर्षांनी परत घेतलं तर शंभर पानांत दम लागला. उपमांवर उपमा, सूर्य तर दर पानावर उगवतो. आपण तेव्हा का रडलो तेच कळेना.

राधेय_

झालं, आलेच. @काठावरचा, तुम्हाला दम लागला तो तुमचा प्रश्न आहे, पुस्तकाचा नाही. १९६७ साली एका तरुण लेखकाने एकच आयुष्य सहा जणांच्या तोंडून सांगितलं, कर्ण स्वतः, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण, हे काय साधं काम आहे? मी चार वेळा वाचलंय. आता कर्णाचे भाग कमी वाचतो, शोण आणि वृषालीचे जास्त. मोठ्या माणसाच्या सावलीत राहणाऱ्यांना काय दिसतं ते तिथे कळतं. उपमा जास्त आहेत हे मान्य, पण मोठ्याने वाचून बघा, ती भाषा मोठ्याने वाचायचीच आहे. मनातल्या मनात वाचली की जड होते.

कुणाला: चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना, डोळे झाकून. याच्यावरून किती जण वाचायला लागलेत ते आधी बघा आणि मग नावं ठेवा.

काठावरचा

नावं नाही ठेवली हो. मला ते पंधराव्या वर्षी मिळालं हे माझं भाग्यच. फक्त परत वाचायला नको होतं एवढंच म्हणतोय. काही पुस्तकं आठवणीतच ठेवावीत.

शोणचं म्हणणं पटलं. तेवढं वाचून बघीन, मोठ्याने.

अरुंधतीचा_शेजार

मृत्युंजयवरून भांडणाऱ्या सगळ्यांनी त्याच्या शेजारी इरावती कर्व्यांचं 'युगांत' ठेवावं असं सुचवते. मानवशास्त्राच्या अभ्यासक बाई, महाभारताकडे त्याच डोळ्यांनी बघतात, माणसं म्हणून, कुळं म्हणून, कुणालाही देव्हाऱ्यात न बसवता. कर्णावरचा लेख तर राधेय_ यांनी बसूनच वाचावा, उभ्याने झेपणार नाही. त्या कर्णाची कीव करत नाहीत, कुठे कुठे त्याने माती खाल्ली ते नोंदवतात.

मी परत जाते ती द्रौपदीच्या लेखाकडे. सभेत तिने जो प्रश्न विचारला, स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा हक्क होता का, तो आपण सगळे तिच्या बाणेदारपणाचा पुरावा म्हणून सांगतो. इरावतीबाई म्हणतात तीच तिची मोठी चूक. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, इतका राग आला. दुसऱ्यांदा वाद घालत घालत वाचलं, समासात लिहून. अजूनही मला पूर्ण पटलेलं नाही, पण त्या का म्हणतात ते आता कळतं, आणि मुख्य म्हणजे त्याच लेखाच्या शेवटी अभ्यासाची शिस्त बाजूला ठेवून त्या द्रौपदी आणि भीमाचा जो शेवटचा प्रसंग स्वतः रचतात, तो वाचताना वाटतं की एवढा वेळ कठोर बोलणाऱ्या बाई मनातून कुणाच्या बाजूने होत्या.

कुणाला: ज्यांना वाद घालायला आवडतो. गटाने वाचायला तर उत्तम, एका बैठकीला एक लेख. याच्या जोडीला दुर्गाबाईंचं 'व्यासपर्व' (१९६२) घ्या, तीच माणसं पण नजर कवीची. मला स्वतःला दोन्ही लागतात, मनःस्थितीप्रमाणे.

कुणाला नको: ज्यांच्या भावना लवकर दुखावतात.

राधेय_

युगांत वाचलंय मी. दोनदा. म्हणूनच तर मृत्युंजय चारदा वाचलं.

सावळी_शाई

हे आवडलं! आता यावर कुणी काही बोलू नका.

दगडूपंत

@पायरीवरची, तुमच्या वडिलांसाठी माझ्याकडे एक आहे. इतिहासही मिळेल आणि पानंही फार नाहीत. 'माझा प्रवास', विष्णुभट गोडसे. बिचारा भिक्षुक, घरावर कर्ज, उत्तरेत यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल म्हणून काकांना घेऊन निघाला आणि नेमका १८५७ च्या बंडात जाऊन पडला. झाशीला वेढा पडला तेव्हा हा आत होता! पुढे कित्येक वर्षांनी आठवून लिहिलं, छापलं गेलं १९०७ मध्ये, तोवर लेखक हयात नव्हता.

कादंबरीकाराने लिहिलेली राणी आणि या माणसाने डोळ्यांनी पाहिलेली राणी यात फरक आहे, कारण याला इतिहास लिहायचा नव्हता, याला जीव आणि मिळवलेले चार पैसे वाचवायचे होते. ते पैसे पण टिकत नाहीत, लुटला जातो, परत मिळवतो, परत लुटला जातो. एवढं सगळं होऊन घरी काय आणलं तर गंगेची कावड, आईवडिलांना स्नान घालायला. मी दरवेळी त्या कावडीपाशी अडकतो. तोफा, आग, कत्तल, यातून हा माणूस खांद्यावर पाणी घेऊन चाललाय.

भाषा जुनी आहे पण कठीण नाही, बोलल्यासारखी आहे. रोज चार पानं तुम्हीच वाचून दाखवा. 'स्वामी' पाठ असलेल्या माणसाला आवडणार नाही असं होणारच नाही.

पायरीवरची

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वाचून दाखवायचं, हे पण. धन्यवाद, शोधते लगेच.

मिट्ट

जीए (जी. ए. कुलकर्णी) कुणीच काढले नाहीत अजून? की सगळे घाबरून आहेत.

'काजळमाया' (१९७२). त्यातला 'विदूषक' मी दर दोन-तीन वर्षांनी वाचतो आणि दरवेळी मला वाटतं आता कळला, आणि पुढच्या वेळी कळतं की नव्हता कळला. अकादमीचा पुरस्कार मिळाला होता या संग्रहाला, त्यांनी तो परत केला हे बहुतेकांना माहीत असेलच. दुसरी कथा म्हणजे 'पिंगळावेळ'मधली 'स्वामी' (वरच्या कादंबरीशी संबंध नाही, नाहीतर वडिलांना द्याल आणि गोंधळ होईल). एका माणसाला मठात स्वामी म्हणून कोंडतात. बस, एवढीच गोष्ट. पण जी वेल वाढवतो तो... नाही सांगत. दुसऱ्यांदा वाचताना शेवट माहीत असतो आणि तरी श्वास कोंडतो, मला वाटतं हीच खरी परीक्षा. रहस्य फुटल्यावर पुस्तकात काय उरतं?

ज्याचं सध्या बरं चाललेलं नाही त्याला देऊ नका. मी एकदा एका मित्राला त्याच्या वाईट काळात दिलं होतं, 'यातून धीर मिळेल' म्हणून! तो आजही ऐकवतो.

झुळूक

जीए वाचून जड झालं की माझा उतारा ठरलेला आहे, लंपन. प्रकाश नारायण संतांची चार पुस्तकं: वनवास, शारदा संगीत, पंखा, झुंबर. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा एक मुलगा. सगळं जग त्याच्या डोक्यातून. त्याचं ते 'मॅडसारखं', ते उगाचच भलेमोठे आकडे, आणि सुमी. मी मनातल्या मनात लंपनसारखं बोलायला लागते दोन दिवस.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा गोड वाटलं, बालपण वगैरे. दुसऱ्यांदा शीर्षकच नीट वाचलं. वनवास! अहो तो पोरगा घरापासून तोडलेला आहे आणि हे तो कधी रडून सांगत नाही, इकडे तिकडे बागडताना मधेच आई आठवते आणि वाक्यच बदलतं. आता मला ती वाक्यं आधीच दिसतात, लांबून येताना दिसतात.

लहान मुलांना द्यायचं पुस्तक आहे असं समजून माझ्या भाच्याला दिलं, त्याला कंटाळा आला. हे मुलांबद्दलचं आहे, मुलांसाठीचं नाही.

आईपण_ऑनड्युटी

@झुळूक, मग मुलांना काय द्यायचं तेही सांगा. माझा लेक बारा वर्षांचा, इंग्रजी सटासट वाचतो, मराठी दिलं की तोंड वाकडं.

झुळूक

भाच्याला शेवटी फास्टर फेणेने वाचवलं. भा. रा. भागवत. सायकल, उचापती आणि ते 'टॉक्'. वीस पुस्तकांची मालिका आहे त्यामुळे एक आवडलं की पुढची सोय आपोआप. मी आधी एक प्रकरण मोठ्याने वाचलं आणि ऐन वेळी थांबले, 'उद्या वाचू' म्हणून. रात्री त्याने स्वतः संपवलं. युक्ती जुनी आहे पण चालते.

खडूमास्तर

बारा वर्षांच्या मुलाला 'पाडस' पण. राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद, मूळ इंग्रजी १९३८ चं. अनुवाद आहे हे विसरायला होतं इतकं मराठी. ज्योडी, त्याचं हरणाचं पाडस, जंगल, बाप. मी वर्गात तुकड्या-तुकड्याने वाचून दाखवतो. शेवटी पाडस पिकं खायला लागतं आणि ज्योडीला स्वतःच त्याला मारावं लागतं तिथे माझा आवाज दरवर्षी फुटतो, मुलांना आता तेही माहीत झालंय, ती पुस्तकाकडे नाही माझ्याकडे बघत असतात.

आईपण_ऑनड्युटी

मास्तर!!! स्पॉयलर!!!

खडूमास्तर

अहो धागा पुन्हा वाचायच्या पुस्तकांचा आहे, मला वाटलं सगळ्यांनी वाचलेलं असणार. क्षमस्व. लेकाला सांगू नका.

तिरकस

पुन्हा वाचायच्या धाग्यावर स्पॉयलरची तक्रार. ग्रेट.

नवाकोरा

माझं मत कुणाला आवडणार नाही. मी काहीच परत वाचत नाही. जगात एवढी पुस्तकं आहेत आणि आपण तीच ती दहा. वर बघा, सगळी यादी पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. याला वाचन म्हणायचं की घोंगडी पांघरून बसणं?

मिट्ट

घोंगडी पांघरून बसणंच म्हणा. काय वाईट आहे त्यात.

अरुंधतीचा_शेजार

@नवाकोरा, अर्धं मान्य. यादी जुनी झालीय खरी. पण त्याचं एक साधं कारण आहे, दुसऱ्यांदा वाचायला मध्ये काही वर्षं जावी लागतात. गेल्या वर्षी आलेलं पुस्तक मी परत वाचलंय की नुसतं अजून विसरले नाहीये हे मला तरी सांगता येत नाही.

त्यातल्या त्यात अलीकडचं म्हणून मिलिंद बोकिलांची 'शाळा' सांगते, २००४ ची. पहिल्यांदा सगळे जोशी आणि शिरोडकरसाठी वाचतात. दुसऱ्यांदा वाचताना मागे चाललेली आणीबाणी दिसते. घरातली, शाळेतली मोठी माणसं काय काय बोलतात आणि काय बोलायचं टाळतात, ते त्या नववीतल्या पोराला अर्धवट कळतंय, आपल्याला पूर्ण.

नवाकोरा

शाळा वाचलीय. आणीबाणी आठवतही नाही मला.

अरुंधतीचा_शेजार

:)

उदाहरणार्थ_मी

कुणीतरी 'रणांगण' पण लिहा यार. विश्राम बेडेकर, १९३९. युरोपातून परतणारी बोट, चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा. युद्ध अजून यायचंय पण बोटीवर सगळ्यांना त्याचा वास आलाय. केवढीशी कादंबरी! प्रेमकथा म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांना द्या. मी स्वतः पहिल्यांदा फक्त त्या दोघांसाठी वाचली, आता बोटीवरच्या बाकीच्या लोकांसाठी वाचतो, कोण कुणाच्या टेबलावर बसत नाही, कोण काय बोलतंय. जास्त लिहीत नाही, मास्तरांसारखं व्हायचं.

चैत्रपालवी२

अवांतर: परत वाचताना तुम्हाला तीच प्रत लागते का? माझी 'धग' (उद्धव शेळके) एकाने नेली ती नेलीच, मी नवीन घेतली. मजकूर तोच, पण मला कौतिकची अमुक बाचाबाची डाव्या पानावर खाली असते हे माहीत होतं, नव्या प्रतीत ती उजवीकडे वर गेली. आठवडाभर चुकल्यासारखं होत होतं. फोनवर वाचणाऱ्यांचं काय होत असेल.

'धग'बद्दल एवढंच, वऱ्हाडी बोलीला घाबरू नका, वीस पानांत कान बसतो. कौतिकसारखी बाई मराठीत दुसरी नाही. पण सलग वाचू नका, जीव गोळा होतो.

काठावरचा

तीच प्रत लागते. अगदी. मृत्युंजयची माझी जुनी प्रत असती तर कदाचित दम लागला नसता, असं आता वाटायला लागलंय. (राधेय_, खूश?)

राधेय_

खूश.

पायरीवरची

धागा वर काढतेय, तीन आठवडे झाले. 'माझा प्रवास' मिळालं. पहिले दोन दिवस मी वाचून दाखवलं, मध्ये मध्ये डोळे मिटून पडलेले असायचे, झोपले असं समजून मी थांबले की 'पुढे?' तिसऱ्या दिवशी मला यायला उशीर झाला तर स्वतःच चष्मा लावून बसले होते. बोट ठेवून वाचतात ओळीवर, लहान मुलासारखं. मागचं विसरतात अजूनही, पण गोडसे भटजी दर थोड्या पानांनी लुटलेच जातात त्यामुळे फारसं बिघडत नाही. काल म्हणाले, 'अरे याला परत लुटला!' आणि हसले. @दगडूपंत, तुम्हाला नमस्कार सांगितलाय त्यांनी.

पुढचं काय द्यायचं त्याचाही विचार झाला. 'व्यक्ती आणि वल्ली' घरात होतंच, ते काढून दिलं. पण त्यात रावसाहेब नाहीत. बाबा अनुक्रमणिका तीनदा बघून म्हणाले, या धाग्यावरच्या माणसाला सांग की रावसाहेब 'गणगोत'मध्ये आहेत.

गप्पूशेठ

काय सांगता! मी शपथेवर सांगितलं असतं. थांबा बघतो.

गप्पूशेठ

आहेत हो, गणगोतमध्येच. बाबांना साष्टांग दंडवत. मागचं विसरतात म्हणे!

उत्तर द्यायला दीड तास लागला त्याबद्दल माफ करा, रावसाहेब संपल्यावर बाकीचं पण वाचत बसलो.